गोधड्यांनी मोजलेली उंची

तुमच्या काकूने आमच्या घरातल्या प्रत्येक माणसाला मोजले आहे. उभे असताना, बसलेले असताना, हात पुढे करून, मान खाली घालून. तुमच्या आजोबांची बसल्याजागची उंची किती, हे मला लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर कळले. ती माझ्यापेक्षा फारशी जास्त नाही. उभे राहिले की ते उंच दिसतात ते पायांमुळे. हे ऐकल्यावर ते दिवसभर माझ्याशी जरा कमीच बोलले.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारले, "आजी, काकू नक्की काय शिकली? बाबा म्हणतो, इंटिरियर." मी सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात स्क्रीन अडकली. माझे उघड्या तोंडाचे चित्र बघून तुम्ही दोघे बराच वेळ हसत होतात, तो आवाज मात्र मला नीट येत होता. तेव्हा आता लिहूनच सांगते. क्रमाने सांगते, म्हणजे तुमच्या बाबांनाही कळेल.

विषयाचे नाव ह्यूमन फॅक्टर्स इंजिनीअरिंग. त्याच्या जोडीला मानवकेंद्री डिझाइन. माणसाचे शरीर, त्याची नजर, त्याची सवय, त्याचा कंटाळा हे सगळे आधी समजून घ्यायचे आणि मग यंत्र, खुर्ची, बटण, जे काय असेल ते बनवायचे. काकूने मला हे आमच्या जिन्यावर समजावले. आमच्या मजल्याची शेवटची पायरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा थोडी उंच आहे. घरचे कोणी तिथे अडखळत नाही, पाय आपोआप जास्त उचलला जातो. पाहुणा मात्र हमखास ठेचकाळतो, आणि आपण त्याला म्हणतो, "सांभाळून हं."

"आई, आपण पाहुण्यालाच सांगतो," काकू म्हणाली. "गवंड्याला कोणी काही विचारत नाही. माझा विषय म्हणजे गवंड्याला विचारायचं."

तुम्हाला ठाऊक आहे, काकू धुळ्याची. मेकॅनिकल इंजिनीअर होऊन लग्न करून सुरतला आली आणि जवळच्या सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात लागली. तिथे एका मशीनचे बटण इतके उंचावर होते की बायका विटेवर वीट ठेवून त्यावर उभ्या राहत. तिने साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी उंच बायका घेऊ. ती घरी आली, चप्पल काढली आणि मला म्हणाली, "आई, मला परत शिकायचंय."

तेव्हा तुमचा चुलतभाऊ बालवाडीत होता. तुमचा काका म्हणाला, शिक. आजोबांचा जन्म पलसाण्याच्या कापड रंगवायच्या प्रोसेसिंग हाऊसमध्ये रंगमास्तर म्हणून गेलेला. त्यांनी विचारले, "यात शेवटी बनतं काय?" काकू म्हणाली, "ते आधी ठरवायचं नसतं, बाबा." हे उत्तर त्यांना अजिबात पटले नाही. रंगाच्या हौदात काय बुडवायचे ते आधी ठरलेले असते. शेवटी तिनेच अट घातली. दोन वर्षे द्या. कारखाना तेवढे दिवस जागा धरून ठेवतो म्हणाला आहे. दोन वर्षांत डिग्री झाली नाही तर परत कामावर जाईन, पुन्हा हा विषय काढणार नाही. आम्ही कोणी अट मागितली नव्हती. पण ती बोलली म्हणजे पाळणार, हे मला माहीत होते, आणि दोन वर्षे मला त्याचीच काळजी होती.

शेजारची गुजराती बाई जिन्यात भेटली की विचारायची, "मासी, वहू सुथारीकाम शीखवा जाय छे?" म्हणजे सून सुतारकाम शिकायला जाते का. मी म्हणायची, "ना बेन, माणस मापवा जाय छे." माणसे मोजायला जाते. तिला वाटायचे मी थट्टा करते आहे.

दुसऱ्या वर्षी तिला मुख्य प्रकल्प करायचा होता. त्यावरच डिग्री अवलंबून. तिच्या गाईड मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की चित्र सुंदर काढले, मॉडेल चकचकीत केले, तरी ज्या माणसांसाठी वस्तू केली ती माणसे ती वापरतात असे दाखवावे लागेल. बाहेरून परीक्षक येतील आणि ते हेच विचारतील.

काकूने कोसाडच्या बायका निवडल्या. कोसाडच्या आवासमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी वसाहतीत, आपल्याकडची, खानदेशातली, पुष्कळ कुटुंबे राहतात. पुरुष लूमवर किंवा मिलमध्ये, आणि बायका घरी बसून साड्यांवर डायमंड लावतात. डायमंड म्हणजे काचेचे बारीक चमकणारे खडे. साडी मांडीवर किंवा जमिनीवर पसरायची, नक्षीवर गमचे थेंब टाकायचे, काडीच्या टोकाला मेण लावून त्याने एकेक खडा उचलून थेंबावर ठेवायचा. सकाळचे काम आटोपले की संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत हेच. मान खाली, पाठ कमानीसारखी. त्यातल्या तिशीच्या बाईलाही उठताना भिंत धरावी लागते.

मी महापालिकेच्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे त्या भागात माझी ओळख आहे. पहिल्या दिवशी मी काकूला घेऊन गेले ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी. एक खोली, तिला लागून ओटा, खिडकीत वाळत घातलेले कपडे. घरात विद्यार्थ्याची आई आणि तिच्या दोन सुना. तिघीही डायमंड लावतात. सासू माझ्याच वयाच्या आसपासची, अंगाने बारीक, बोलायला तिखट. काकूने टेप काढून थोरल्या सुनेचा गुडघा मोजायला घेतला तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुमनी सून शिंपीन शे का डॉक्टरीन?" तुमची सून शिंपीण आहे की डॉक्टरीण.

"दोन्ही नाही," मी म्हणाले. "इंजिनीअर आहे."

"मंग लूम दुरुस्त कराले धाडा ना तिले. आमना गुडघा कशाले?"

असे म्हणत म्हणत तिने स्वतःचाही गुडघा पुढे केला.

काकूने अशा बऱ्याच घरांत माप घेतले. मग पुठ्ठ्याची, मग थर्माकोलची, मग लाकडाची अशी बैठक करत गेली. पाटापेक्षा उंच, खुर्चीपेक्षा बुटकी, पाठीला टेका, आणि समोर तिरकी फळी, जिच्यावरून साडी पुढे पुढे गुंडाळत नेता येईल. आमच्या हॉलमध्ये महिनाभर लाकडाचा भुसा होता. आजोबा रोज संध्याकाळी त्या बैठकीवर बसून पेपर वाचत आणि म्हणत, "पाय जरा आखूड आहेत." ते म्हणत होते बैठकीचे पाय. काकू म्हणायची, "बाबा, तुमच्यासाठी नाहीये ती."

मग समाजाच्या हॉलमध्ये चाचणी झाली. कोसाडच्या बायका रिक्षा करून आल्या. प्रत्येकीने बैठकीवर बसून डायमंड लावले, काकूने बाजूने फोटो काढून मानेचा कोन मोजला, हात किती थकले ते विचारले. आकडे फार चांगले आले. बायका खूष होत्या. एक जण म्हणाली, "आते माले घर जावानं नही," आता मला घरी जायचेच नाही, आणि बाकीच्या हसता हसता डायमंड सांडून बसल्या. मॅडम स्वतः आल्या होत्या. त्या काकूला म्हणाल्या, आता दोन-चार घरांत ठेवून बघ, की झाले. त्या दिवशी काकूने येताना घारी, सुरतची मिठाई, आणली.

त्या तिखट सासूच्या घरी एक बैठक ठेवली. काही दिवसांनी आम्ही दोघी बघायला गेलो. बैठक भिंतीला लावलेली होती, पुसून लखलखीत. तिच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर मिक्सर.

"वापरता ना?" काकूने विचारले.

"हो तं," थोरली म्हणाली. "लई आराम शे, ताई."

"रोज," धाकटी म्हणाली.

सासू म्हणाली, "लाकूड चांगलं शे."

बाकीच्या घरांतही थोडेफार असेच. कुठे बैठकीवर धुतलेल्या कपड्यांची चळत, कुठे पोरांची दप्तरे. सगळीकडे उत्तर एकच, छान आहे, रोज वापरतो. काकू कोणाशी वाद घालत नाही. तिने एवढेच विचारले, मी दिवसभर तुमच्याबरोबर काम करायला बसू का? सासू म्हणाली, बस, पण डायमंड वाकडे लावलेस तर साडी तुझ्या अंगावर.

ती जायला लागली. मीही कधीमधी जायची. अशाच एका दुपारी सासू खाली भाजीच्या गाडीवर गेली होती. मी खाटेवर बसले होते, पाहुणी म्हणून, आणि काकू माझ्याशेजारी खाटेच्या कडेला बसून, मांडीवर एक साधी फळी घेऊन, डायमंड लावत होती. थोरल्या सुनेने उठून मिक्सर खाली ठेवला, रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि बैठकीवर बसली. पाठ सरळ, मान सरळ. काडी भराभर चालायला लागली. धाकटी म्हणाली, "मना नंबर मंग." म्हणजे मग माझा नंबर.

जिन्यात पावले वाजली. काही घाई झाली नाही, कोणी कोणाला खूण केली नाही. सासू दारातून आत आली तोपर्यंत थोरली जमिनीवर होती, साडी मांडीवर होती, आणि मिक्सर रुमालावर होता. सासूने मेथी ओट्यावर ठेवली आणि पदराने मान पुसत माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिला काही दिसले नव्हते, आणि दिसण्यासारखे काही राहिलेही नव्हते.

मला मात्र आणखी एक गोष्ट दिसली. तुमची काकू माझ्याशेजारी नव्हती. ती खाली जमिनीवर बसली होती.

परत येताना बसमध्ये तिने दोघींची तिकिटे काढली. मग म्हणाली, "आई, मी खाटेवरून कधी उतरले?"

"त्या आल्या तेव्हा."

"कोणी म्हणालं का उतर म्हणून?"

"कोणी नाही."

"मग?"

मी म्हणाले, "अगं, त्या खाली बसल्या होत्या."

ती कपाळावर हात मारून हसायला लागली. समोरची बाई वळून बघायला लागली इतकी हसली. "हॉलमध्ये एकसुद्धा सासू नव्हती," ती म्हणाली. "मी सगळ्यांच्या सुना मोजल्या आणि सासवांना घरी ठेवलं."

तुम्हाला हे कदाचित विचित्र वाटेल. आपल्याकडे सासू, सासरा, थोरला दीर जमिनीवर बसलेले असताना सून खाटेवर बसत नाही. आमच्या घरी टेबल-खुर्ची आहे, आम्ही सगळे एकत्र जेवतो, पण धुळ्याहून माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या आणि त्या सतरंजीवर टेकल्या की काकू सोफ्यावरून उतरते, आणि खरे सांगायचे तर मीही उतरते. म्हणजे आम्हा दोघींना हे माहीत नव्हते असे नाही. फार माहीत होते, म्हणून डोळ्यांत भरले नाही. परगावची, परक्या भाषेची विद्यार्थिनी असती तर तिने पहिल्याच दिवशी विचारले असते की या सगळ्या खाली का बसतात. आम्ही खानदेशच्या दोघी, अहिराणी कळणाऱ्या, तिथे गेलो आणि गुडघे मोजून आलो. ही चूक करायला आपलेच माणूस लागते.

अडचण अशी की परीक्षा जवळ आली होती. हॉलमधले आकडे हातात होते, बायकांची उत्तरे हातात होती, सगळी छान. काकूने ते तसेच मांडले असते तर बहुधा ती पास झाली असती. जेवताना तुमचा काका हेच म्हणाला.

"आधी पास हो. मग सुधार ना काय सुधारायचं ते."

"ती कोणी वापरत नाही," काकू म्हणाली.

"त्या म्हणतात ना वापरतो."

"त्या मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात."

"मग वाईट वाटून घेऊ नकोस."

आजोबा भाकरी मोडत होते. ते म्हणाले, "कच्चा रंग पहिल्या धुण्याला जातो. त्याआधी कितीही छान दिसू दे." त्यांच्या तोंडून तिच्या विषयाबद्दल निघालेले हे पहिले चांगले वाक्य. तुमचा काका म्हणाला, "बाबा, तुम्ही तिच्या बाजूने का माझ्या?" आजोबा म्हणाले, "मी रंगाच्या बाजूने."

मॅडमनी तिला सरळ सांगितले. बदलायचे असेल तर नवी वस्तू करावी लागेल, ती पुन्हा घरांत तपासावी लागेल, आणि वेळ वाढवून मिळणार नाही. अर्धवट राहिले तर पुढच्या तुकडीबरोबर. पुढची तुकडी म्हणजे तिसरे वर्ष, आणि तिसरे वर्ष आमच्या घरात नव्हते. मी तिला म्हणाले, अट तूच घातलीस, तूच मोड, आमच्यातले कोणी काही म्हणणार नाही. ती म्हणाली, "नको आई. तुम्ही म्हणणार नाही हे माहीत आहे, म्हणूनच नको."

पहिली कल्पना सोपी होती. सासूलाही बैठक द्यायची. काकूने विचारले तर सासू म्हणाली, "मी का पाहुणी शे, वर बसाले? अन मंग मनी इनापेक्षा बोटभर उंच पाहिजे." माझी हिच्यापेक्षा बोटभर उंच पाहिजे. सगळ्या हसल्या, पण तिचे बरोबर होते. शिवाय त्या खोलीत तीन बैठका मांडल्या असत्या तर दार उघडले नसते.

त्यानंतर काकूने जे केले ते मला तिच्या सगळ्या शिक्षणात सर्वांत आवडले. ती म्हणाली, वर बसायचे नाही हे कळले, पण वर म्हणजे नेमके कुठून? तिच्या अभ्यासात एक पद्धत आहे. आवाज हळूहळू वाढवत न्यायचा आणि माणसाला तो कधी ऐकू येतो ते टिपायचे. तसेच तिने मानाचे केले, गोधड्यांनी.

सासूला समोर जमिनीवर बसवले. थोरलीला तिच्यासमोर बसवले. थोरलीच्या खाली एक घडी केलेली गोधडी.

"चालतं?" काकूने विचारले.

"गोधडी टाकीसन बठाले काय होस?" सासू म्हणाली. गोधडी टाकून बसायला काय होते.

दुसरी गोधडी आली. चालले. तिसरी आली. थोरली जरा हलली.

"कशी वाटते?"

"बरी शे."

धाकटी तोंडाला पदर लावून हसत होती. "आजून एक टाका, ताई. मना लगीनमा बी जेठानी इतली वर बठेल नव्हती." माझ्या लग्नातही जाऊबाई एवढ्या वर बसल्या नव्हत्या.

काकूने आणखी एक टाकली आणि थोरली आपणहून घसरून खाली आली.

"काय झालं?" सासू म्हणाली. "मी काही बोलनी का?"

"नही आत्याबाई. मालेच कसंतरी वाटस."

"पाहा बाई," सासू मला म्हणाली, "मी बोलत नही, तरी मनंच नाव होस." मी बोलत नाही तरी नाव माझेच होते. ती खरेच दुखावली होती. थोरलीने तिला पाणी आणून दिले, तेही वाकून, आणि मग दोघींना हसू आले.

काकूने हे एकामागून एक घरांत केले. गोधड्या घेऊन आम्ही जिने चढत होतो आणि खालची माणसे विचारत होती, पिंजारी आला का. एका घरी सासू म्हणाली, "बसू दे तिला माळ्यावर, मला काय," आणि तिची सून खरोखर खुर्चीवर बसून काम करायची. एका घरी पहिल्या गोधडीलाच सून उठली. पण बहुतेक घरांत ती हद्द जवळपास सारखीच निघाली, उभ्या हाताच्या चार बोटांच्या आसपास. तेवढ्यापर्यंत काही टाकून बसणे, त्याच्यावर गेले की सासूचा मान मोडणे. आणि ही हद्द जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सुनेने सांगितली, सासूने नाही. हे कुठल्याही मोजमापाच्या कोष्टकात मिळाले नसते, असे मॅडम म्हणाल्या.

मग बैठक गेली. तिच्या जागी चार बोटांची पाचरीसारखी गादी आली, मागे उंच, पुढे उतरती, म्हणजे मांडी घातली तरी कंबर कोसळत नाही. बाकी सगळी उंची कामाला दिली. फळी पायांवर उभी केली, छातीपर्यंत आणली, डोळ्यांकडे कलती ठेवली. मान खाली नेण्यापेक्षा साडी वर आणली. फळी मिटवली की भिंतीला टेकून राहते आणि तिच्यावर मिक्सर ठेवता येत नाही. हे शेवटचे तिने मुद्दाम केले. मग ती पुन्हा घराघरांत ठेवली, आणि या वेळी आम्ही कधीही गेलो तरी तिच्यावर साडी असायची.

त्या दिवसांत घरात मी तिला काही मागितले नाही आणि काही विचारले नाही. मुलाला शाळेत सोडणे, डबे, सगळे मी आणि आजोबांनी वाटून घेतले. आजोबांनी तर गादीचा कपडा स्वतः जाऊन रंगवून आणला. मिलमधल्या ओळखीच्या माणसाकडून पक्का रंग करून घेतला आणि मला बादलीत धुऊन दाखवला.

परीक्षेला युनिव्हर्सिटीत घरच्यांना जाता येते, म्हणून मी गेले. काकूने त्या तिघींनाही बोलावले होते. सासू नवी साडी नेसून आली होती आणि सुनांना सांगत होती, कोणी इंग्रजीत विचारलं तर बाईंकडे बघा. परीक्षक तिघे होते. काकूने आधी पहिली बैठक दाखवली, हॉलमधले सुंदर आकडे दाखवले, आणि मग रुमालावरच्या मिक्सरचा फोटो दाखवला. ती म्हणाली, माझी पहिली रचना इथे नापास झाली. मग तिने गोधड्यांची गोष्ट सांगितली.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि इंग्रजीत विचारले, "म्हणजे सुनेने खाली बसायचे ही रीत तुम्ही लाकडात पक्की केलीत. इंजिनीअरने असे करावे का?"

हा प्रश्न मलाही पडला होता आणि मी तिला विचारला नव्हता. मी काकूकडे बघितले नाही, माझ्या हातांकडे बघितले.

ती म्हणाली, "सर, रीत बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण तिची मान आज दुखते. घर बदलेपर्यंत तिने मान दुखवून घ्यावी, असं मी तिला सांगू शकत नाही. आणि घर कधी बदलायचं हे मी बाहेरून ठरवू शकत नाही." मग ती वाकली आणि फळीचा एक पाय ओढून लांब केला. पायाला भोके पाडलेली होती, खिट्टी काढली की पाय वाढत होता. चारही पाय ओढल्यावर फळी खुर्चीवर बसून काम करण्याइतकी उंच झाली. "ज्या घरात सून वर बसते, तिथे ती आत्ताच अशी वापरतात," ती म्हणाली. "बाकीच्यांनी खिट्टी कधी काढायची, ते त्यांचं त्या बघतील."

हे मला माहीत नव्हते. भोके मी रोज बघत होते, मला वाटले होते सुताराचे काहीतरी.

परीक्षकांनी सासूला हिंदीत विचारले, बहू ऊपर बैठेगी तो आप क्या करोगी?

सासू माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मैं क्या करूंगी साब? बैठती ही नहीं वो."

थोरली हसली आणि सासूनेच तिला कोपर मारले.

आम्हाला बाहेर बसायला सांगितले. व्हरांड्यात काकू मुलांसारखी पायरीवर बसली आणि तिने एकदाच विचारले, "आई, मिक्सरचा फोटो दाखवायला नको होता का?" मी म्हणाले, "दाखवला नसतास तर मी तुझ्याशी बोलले नसते." हे खरे नाही, बोलले असतेच. पण त्या वेळी मला तसे वाटले.

मॅडम बाहेर आल्या त्या हसतच. पास, आणि नुसती पास नव्हे. परीक्षकांनी शिफारस केली होती की विभागाने तिला शिकवायला घ्यावे. मॅडम आणखी म्हणाल्या की ही फळी आणि गादी विभागाच्या प्रदर्शनात कायमची ठेवायची आहे, आजच इथे ठेवून जा.

काकू माझ्याकडे बघत होती, मला वाटते तिला रडायचे होते. पण तेवढ्यात सासू पुढे झाली. फळी तिच्या घरची होती, चाचणीसाठी तिच्याकडेच राहिलेली.

"ठेवा म्हंजे?" ती म्हणाली. "मंग आम्ही काम कशावर करूत? उद्या माल देवाना शे." उद्या माल द्यायचा आहे.

मॅडमना ते कळले नाही. काकूने सांगितले. मॅडम म्हणाल्या, त्यांना सांग, दुसरी करून देऊ. सासूने मान हलवली. दुसरी कधी होईल ते होईल, ही तिच्या सुनेच्या हाताला बसली आहे. तिने थोरलीला खूण केली. थोरलीने फळी मिटवली, धाकटीने गादी काखेत मारली, आणि विभागातले मोठे लोक बघत असताना तिघी जिन्याकडे निघाल्याही.

काकू त्यांच्यामागे धावली, खिट्ट्या नीट बसल्या आहेत का बघायला. मी मॅडमचे आभार मानले. मॅडम म्हणाल्या, "यू मस्ट बी व्हेरी प्राउड." मी इतकी वर्षे इंग्रजी शिकवले, पण त्या वेळी मला "येस" एवढेच सुचले.

खाली रिक्षात फळी आडवी मावत नव्हती. शेवटी ती उभी धरली, थोडी बाहेर राहिली, आणि सासू रिक्षावाल्याला सांगत होती, सावकाश चल, ठोकू नको. तुमची काकू, त्या युनिव्हर्सिटीची नवी मास्तरीण, रस्त्यात उभी राहून रिक्षा वळेपर्यंत फळीच्या पायांवर लक्ष ठेवून होती.